कर्नलसाहेबांना आमदार व्हायचंय: एका हरलेल्या फौजीचं उत्तर

प्रश्न असा आहे की एका मुलीचे बाबा नुकतेच कर्नल म्हणून रिटायर झाले, 54 पूर्ण, मराठा लाइट इन्फंट्री, गाव सातारा जिल्ह्यात. घरी येऊन आठ महिने नाही झाले तोवर त्यांनी ठरवलंय की पुढच्या विधानसभेला उभं राहायचं. एका पक्षाचा जिल्ह्यातला पदाधिकारी घरी येऊन, चहा पिऊन, "साहेब तुमच्यासारख्यांची गरज आहे, तिकीट पक्कं समजा" म्हणून गेलाय, आणि तिकीट नाहीच मिळालं तर अपक्ष. पैसे डीएसओपी फंड (ऑफिसरांचा प्रॉव्हिडंट फंड) आणि कम्युटेशनचे (पेन्शनचा काही भाग विकून मिळालेले). आई बोलत नाहीये. मुलगी विचारते की कायद्याने चालतं का, खर्च किती, आणि बाबांना थांबवू का.

फौजीची मुलगी म्हणजे मला घरचीच, म्हणून सरळ 'तू' म्हणतो, राग मानू नकोस.

आधी माझं सांगतो म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी शॉर्ट सर्व्हिसवाला, 14 वर्षं करून मेजर म्हणून बाहेर पडलो, 2009 ला विधानसभेला अपक्ष उभा राहिलो, 2,300 च्या आसपास मतं पडली आणि डिपॉझिट गेलं. तेव्हा डिपॉझिट पाच हजारच होतं, नंतर दहा झालं, तेवढाच काय तो फायदा. पण नाद लागला तो लागलाच, त्यानंतर पाच माजी फौजींच्या निवडणुकांत कधी इलेक्शन एजंट, कधी खर्चाचं रजिस्टर सांभाळणारा म्हणून राबलो. पाचातला एक जिंकला, तोही झेडपीला.

तुझा खरा प्रश्न 'उभं राहता येतं का' हा नाहीये. येतं. रिटायर झाल्यावर निवडणुकीला अमुक वर्षं थांबा असा काही कायदा आपल्याकडे नाही, खाजगी कंपनीत नोकरी धरायची तर परवानगीचं बंधन आहे पण निवडणुकीला नाही, गंमतच आहे. खरी अडचण ही आहे की बाबा निवडणुकीला पुढचं पोस्टिंग समजतायत. पोस्टिंगमध्ये काय होतं, ऑर्डर येते, आपण जॉइन होतो आणि पहिल्या दिवशी आठशे माणसं सॅल्यूट मारतात कारण खांद्यावर काय आहे ते त्यांना दिसतं. इथे उलटं. माणसं आधी एकेक करून जमवायची आणि ती टिकली तर खुर्ची. मला हे कळायला डिपॉझिट घालवावं लागलं.

आता मी इथे बसून काय सांगू शकत नाही तेही सांगतो. तुमच्या मतदारसंघात आत्ताचा आमदार कोण, तो जुना आहे का, ती जागा युतीत-आघाडीत त्या पक्षाच्या वाट्याला येते का, बाबा तीस वर्षांत सुट्टीला आले की गावात मिसळायचे का सासरवाडी करून परत जायचे, भावकीत जमिनीचा वाद आहे का, यावर निम्मं उत्तर आहे आणि हे तुलाच माहीत. बाकीचं निम्मं सगळ्या फौजींना सारखंच लागू पडतं.

पहिली गोष्ट रँकची. रँकने दार उघडतं, खुर्ची मिळते, चहा मिळतो, भाषणाला शेवटी का होईना माइक मिळतो. मत वेगळी चीज आहे. जनरल करिअप्पा, म्हणजे लष्कराचे पहिले भारतीय प्रमुख, 15 जानेवारीला आपण आर्मी डे पाळतो तो ज्यांच्यामुळे, ते 1971 ला मुंबईतून लोकसभेला उभे होते. हरले. जनरल जे. जे. सिंग तर तुझ्या बाबांच्याच रेजिमेंटचे, 9 मराठाचे, 2005 ते 2007 लष्करप्रमुख, नंतर अरुणाचलचे राज्यपाल, ते 2017 ला पंजाबात पतियाळा शहरातून अकाली दलाकडून उभे राहिले आणि डिपॉझिटसुद्धा राहिलं नाही. समोर कोण होता, तर कॅप्टन अमरिंदर सिंग. चीफला कॅप्टनने पाडलं, फौजेत हे वाक्य जोक म्हणून चालेल पण बॅलटवर सीनियॉरिटी नसते ना. कॅप्टनसाहेबांनी फौजेत जेमतेम काही वर्षं काढली होती, पण त्या गल्ल्यांत ते 1980 पासून मतं मागत होते आणि पतियाळाचं राजघराणं घरचंच. पुढे 2022 ला त्याच पतियाळात तेही हरले, तर कुणाचं काही कायम नसतं हेही आहेच.

याच्या उलटीकडे लोक जनरल व्ही. के. सिंग यांचं उदाहरण देतात. 2012 ला चीफ म्हणून रिटायर, 2014 च्या मार्चमध्ये भाजपमध्ये, आणि मे महिन्यात गाझियाबादहून साडेपाच लाखांवर मताधिक्याने खासदार. खरंय. पण ते साल कुठलं होतं आणि लाट कुणाची होती ते बघ, त्या मताधिक्यात चीफसाहेबांची वैयक्तिक मतं किती हे त्यांना तरी सांगता येईल का शंका आहे. त्याच निवडणुकीत राजस्थानात बाडमेरला जसवंत सिंग, माजी मेजर, अर्थ, परराष्ट्र, संरक्षण तिन्ही खाती सांभाळलेला माणूस, पक्षाने तिकीट नाकारलं म्हणून अपक्ष उभे राहिले, समोर त्यांच्याच पक्षाने नुकतेच आणलेले कर्नल सोनाराम चौधरी. दोघेही फौजी. निवडून आले पक्षाचं चिन्ह असलेले कर्नल. तुझ्या बाबांना 'नाहीतर अपक्ष' इतकं सहज वाटतंय म्हणून हे बाडमेरचं मुद्दाम सांगतोय, जसवंत सिंगांसारख्याला आपल्याच मातीत अपक्ष जमलं नाही. आपल्याकडचं बघायचं तर ब्रिगेडियर सुधीर सावंत 1991 ला राजापूरमधून मधु दंडवतेंना हरवून लोकसभेत गेले. दंडवते तिथून सलग पाच वेळा निवडून आलेले. केवढी मोठी गोष्ट, पण तीही काँग्रेसच्या तिकिटावर.

मला ज्या माणसाचा अभ्यास करण्यासारखा वाटतो तो गोव्यातला, कॅप्टन विरियातो फर्नांडिस. हे नेव्हीतले कॅप्टन, म्हणजे तुझ्या बाबांच्याच बरोबरीची रँक, नेव्हीतला कॅप्टन आणि आर्मीतला कर्नल एकच. रिटायर झाल्यावर ते थेट तिकीट मागत फिरले नाहीत. गोव्यात त्या काळात मुरगाव बंदरातल्या कोळशाचा आणि रेल्वेच्या दुसऱ्या रुळाचा प्रश्न पेटलेला होता, घरावर काळी धूळ बसते म्हणून बायका रस्त्यावर येत होत्या, त्या आंदोलनांत ते होते. 2022 ला दाबोळीतून विधानसभेला उभे राहिले, समोर मॉविन गुदिन्हो, जुना मुरलेला गडी आणि मंत्री. दीडेक हजार मतांनी पडले. गोव्यातले मतदारसंघ छोटे, तिथे एकेक वाडा मोजावा लागतो. पडल्यावर पुण्या-मुंबईला फ्लॅटवर जाऊन बसले नाहीत, तिथेच राहिले, आणि 2024 ला दक्षिण गोव्यातून लोकसभेला काँग्रेसने तेव्हाच्या खासदाराला बाजूला ठेवून यांना उभं केलं आणि ते 13,535 मतांनी आले. यात रँकचा वाटा किती? माझ्या मते रँकने एवढंच केलं की लोकांनी पहिल्यांदा ऐकून घेतलं. बाकीचं काम कोळशाने केलं, म्हणजे त्यांच्याकडे सांगायला एक गोष्ट होती जी मतदाराच्या खिडकीवर रोज साचत होती. बाबांना विचार, तुमच्या तालुक्यातला कोळसा कुठला? 'भ्रष्टाचार संपवणार आणि शिस्त आणणार' हे उत्तर आलं तर समज की अजून तयारी नाही. शिस्त कुणालाच नको असते, शेजाऱ्याला लागावी एवढीच अपेक्षा असते.

त्याच निवडणुकीत कॅप्टनसाहेब एका वाक्यावरून अडचणीत आले होते, राज्यघटना गोवेकरांवर लादली गेली अशा अर्थाचं काहीतरी बोलले आणि ते पार पंतप्रधानांच्या भाषणापर्यंत गेलं. बरोबर-चूक तो वेगळा विषय, मला त्यातलं एकच घ्यायचंय, ऑफिसर लोकांना मेसमध्ये बसून मोकळं बोलायची सवय असते, चार भिंतींत ते ठीक असतं, पण प्रचारात प्रत्येक माणसाच्या हातात मोबाइल चालू असतो.

आता गाव. इथे जरा जास्त लिहितो कारण आपले ऑफिसर इथेच मार खातात. आपल्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला गाव 'मेजर' म्हणतं, नाईक असो हवालदार असो, पारावर बसलेले चारही म्हातारे मेजर. मी खराखुरा मेजर, मला वाटलं माझं वजन वेगळं, कसलं काय. कर्नल म्हणजे मेजरच्या वर का खाली हे निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि ज्यांना माहीत असतं ते जवान म्हणून रिटायर झालेले असतात, त्यांच्या मनात साहेब लोकांबद्दल आदर असतो तसा एक जुना सलही असतो. मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे फौजीला पगारावर महिन्याला मिळणारी जादा रक्कम बघ, ऑफिसरला 15,500 आणि जेसीओ (सुभेदार वगैरे) व जवानांना 5,200. बॉर्डरवरची थंडी सगळ्यांना सारखी, मग हा फरक का, असं ते विचारतात, आणि वन रँक वन पेन्शनच्या वेळी तर हे उघड्यावर आलं. बाबा सभेत 'आपण सगळे फौजी एक' म्हणतील तेव्हा खाली बसलेल्या सुभेदाराच्या डोक्यात हा आकडा असेल हे त्यांना सांगून ठेव.

आणि 'आमच्या तालुक्यात आठ हजार माजी सैनिक आहेत, घरटी चार मतं धरली तर बत्तीस हजार' हा हिशोब मी पाचही उमेदवारांकडून ऐकलाय, आकडे बदलतात हिशोब तोच. सातारा जिल्हा फौजींचा आहे यात वादच नाही, अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे जिथले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. पण फौजी घरी आला की तो फक्त फौजी राहत नाही, तो सोसायटीचा सभासद असतो, त्याचा ऊस कुठल्यातरी कारखान्याला जातो, दूध कुठल्यातरी संघाला, पुतण्या कुणाच्या तरी शाळेत शिपाई लागलेला असतो. तो तुमच्या बाबांना मनापासून जयहिंद करेल, घरी नेऊन जेवायला घालेल, आणि मत कारखान्याच्या चेअरमनला देईल. यात तो खोटा नाहीये, त्याला तिथे राहायचंय. माझ्या वेळी माझ्याच बटालियनमधल्या एका रिटायर्ड हवालदाराने मतदानाच्या आदल्या दिवशी घरी येऊन हात जोडले, म्हणाला सर माफ करा, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे. मला तेव्हा राग आला होता, आता नाही येत.

दुसरं म्हणजे वेळ. आपला माणूस सातची मीटिंग म्हटलं की पावणेसातला दाढी करून हजर, कार्यकर्ते साडेनऊला उगवतात, आणि साहेब चिडतात. चिडून चालत नाही कारण तो पगारी नाही, उद्या दुसऱ्याच्या गाडीत बसेल. आणि उलटं, जिथे थांबायचं तिथे आपण थांबत नाही. गावात मयत झाली तर मातीला कोण आलं, सावडायला कोण आलं, दहाव्याला कोण शेवटपर्यंत बसलं हे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. मुरलेला पुढारी सकाळी सहाला सावडायला हजर असतो, काही बोलत नाही, नुसता उभा असतो. आपले साहेब दहा मिनिटांत कंडोलन्स देऊन, घड्याळ बघून, पुढच्या कार्यक्रमाला. एका उमेदवाराला मी हे पन्नास वेळा सांगितलं, तर म्हणे टाइम मॅनेजमेंट. झालं त्याचं टाइम मॅनेजमेंट, निकालाच्या दिवशी अकरा वाजताच मोकळे झालो आम्ही. भाषेचंही तसंच, तीस वर्षं बाहेर काढून मराठी हिंदाळलेली असते, 'आपण करवून घेऊ' 'ती गोष्ट बरोबर आहे पण' असं चालू होतं, लोक तोंडावर हसत नाहीत, मागे हसतात. हे सुधारतं, पण त्याला गावात वर्ष-दीड वर्ष रोज बोलत राहावं लागतं.

कागदपत्रांचं आता पटापट. बाबा रिटायर झालेत म्हणून सुटले, सर्व्हिसमध्ये असताना किंवा रिटायरमेंटच्या आधीच्या रजेवर असतानासुद्धा राजकीय सभेला जायला, उमेदवार म्हणून स्वतःला जाहीर करायला आर्मी रूल 20 ने बंदी आहे, त्यामुळे त्या काळातला हार घातलेला फोटो-बिटो कुठे फिरत नसेल ना बघ. पेन्शन आडवी येत नाही. पण पुढे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वगैरे सरकारी पदावर लागले तर ते लाभाचं पद होतं, फॉर्म भरण्याआधी ते सोडावं लागेल. मतदार यादी नक्की तपास, आत्तापर्यंत ते सर्व्हिस व्होटर (सैनिकांच्या वेगळ्या यादीतले) असणार आणि तुझी आईसुद्धा त्यांच्याबरोबर, आता दोघांना साध्या यादीत फॉर्म 6 भरून यावं लागतं. विधानसभेला राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं तरी चालतं, पण नावच कुठे नसेल तर सगळं तिथेच संपलं. अपक्षाला सूचक दहा लागतात, मान्यताप्राप्त पक्षाला एक पुरतो.

आणि एक कागद असा आहे जो साध्या उमेदवाराला सहसा लागत नाही पण फौजीला हमखास लागतो. फॉर्म 26 च्या शपथपत्रात विचारतात की गेल्या दहा वर्षांत सरकारी घरात राहिलात का, राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची बाकी नाही अशी पत्रं जोडा. दहा वर्षांत बाबांची किती पोस्टिंग झाली असतील? प्रत्येक स्टेशनचं एमईएस (क्वार्टर, वीज, पाणी बघणारं लष्करी इंजिनिअरिंग खातं) वेगळं, त्यातला बीएसओ (क्वार्टर-स्टोअरचा अधिकारी) वेगळा. 2019 ला माझ्याकडे एक लेफ्टनंट कर्नल होते, तीन स्टेशनची क्वार्टर्स, दोन पत्रं आली आणि तिसऱ्या स्टेशनने कळवलं की चार वर्षांपूर्वीचे पाण्याचे सहाशे-सातशे रुपये बाकी आहेत. सहाशे रुपये! फॉर्म भरायला दोन दिवस. साहेबांचा एक कोर्समेट तिथे पोस्टेड होता म्हणून तो स्वतः ऑफिसात जाऊन बसला, पैसे भरले, पत्र घेतलं आणि रात्रीच्या गाडीने माणूस पाठवला. त्या दोन रात्री मी झोपलो नाही.

युनिफॉर्मचं विचारलं नाहीस पण सांगतो. पोस्टरवर युनिफॉर्ममधला फोटो, मागे रणगाडा, शहिदांचे चेहरे, हे करू देऊ नकोस. निवडणूक आयोगाने 2013 ला आणि परत 2019 ला स्पष्ट कळवलंय की प्रचारात सैनिकांचे फोटो आणि लष्कराच्या कारवाया वापरू नका. नावापुढे कर्नल लावायचं तर मागे निवृत्त लिहायचं, बास. नियमापेक्षा दुसरं कारण मला मोठं वाटतं, मेडल्स लावून मत मागायला गेलेल्या फौजीकडे सगळ्यात आधी फौजीच वाकड्या नजरेने बघतात.

खर्च. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला कायद्याने 40 लाखांची मर्यादा आहे. डिपॉझिट दहा हजार, वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं नाही पडली तर ते जप्त. पण खरा खर्च कुठे होतो ते बघ. एका मतदारसंघात साधारण साडेतीनशे बूथ धर. प्रत्येक बूथवर आत एक पोलिंग एजंट आणि बाहेर टेबलावर एक, झाले सातशे माणसं, चहा-नाश्ता-जेवणाचे माणशी तीनशे धरले तरी एका दिवसाचे दोन लाख दहा हजार. हा फक्त मतदानाचा एक दिवस, आणि यात गाडी नाही, बॅनर नाही, मंडप नाही. पैशापेक्षा मोठा प्रश्न म्हणजे ती सातशे माणसं कोण? पहाटे मॉक पोलला (मशीनच्या चाचणी मतदानाला) हजर राहून संध्याकाळी 17सी ची (बूथवर पडलेल्या मतांच्या नोंदीची) कॉपी घेऊनच उठणारी सातशे माणसं पैशाने मिळत नाहीत, पैशाने मिळतात ती दुपारी जेवून गायब होतात. 2009 ला माझ्याकडे ऐंशी होती, त्यातली तीस तर पाहुणेच. बाबांना एक वही दे आणि म्हणावं बूथनिहाय नावं लिहा, फोन नंबरसकट. ती वही किती भरते त्यावरून त्यांना स्वतःलाच कळेल, तुला काही बोलायची गरज नाही पडणार.

हिशोबाचं अजून एक. वेगळं बँक खातं काढावं लागतं, वडापावपासून खुर्चीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा निवडणूक कार्यालयाचा दर ठरलेला असतो, आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशोब द्यावा लागतो. हरलेला उमेदवार हे विसरतो, तोंड दाखवायला नको म्हणून घरात बसतो, आणि मग तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. हरलो तरी रजिस्टर भरायचंच.

अपक्षाची आणखी एक गोची, चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर. 2024 च्या विधानसभेला माघार 4 नोव्हेंबरला संपली आणि प्रचार 18 ला बंद, म्हणजे तीनेक लाख लोकांना नवीन चिन्ह पाठ करून द्यायला चौदा दिवस. चिन्हाचा घोळ काय करतो ते साताऱ्याला मी सांगायला नको, 2024 च्या लोकसभेला तुतारीवाला माणूस 32,771 मतांनी पडला आणि पिपाणी चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला 37 हजार मतं गेली. जिथे गाजलेल्या चिन्हाची ही गत तिथे बाबांना शिट्टी नाहीतर कढई मिळाली तर काय होईल.

त्या पदाधिकाऱ्याचं 'तिकीट पक्कं'. अगं, तिकीट देणं त्याच्या हातात नसतं, एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, हातात पडेपर्यंत काहीच पक्कं नसतं आणि तो बऱ्याचदा शेवटच्या दिवशी पडतो. निवडणुकीआधी असे लोक रिटायर्ड ऑफिसर, डॉक्टर, बिल्डर अशा दहा दारांत जातात. काहींना खरंच चांगला माणूस हवा असतो, काहींना सध्याच्या इच्छुकावर दबाव टाकायला एक नाव हवं असतं, आणि काहींना पार्टी फंडासाठी कम्युटेशनचा अंदाज घ्यायचा असतो. ओळखायचं कसं, तर बाबांनी त्यांना विचारावं की आत्ता मला काय काम देता? तालुक्यात बूथ कमिटीचं काम दिलं तर चांगलं, नुसतं व्यासपीठावर बसवून शाल घातली तर समजून जा.

पैशाबद्दल माझं मत कडक आहे. कम्युटेशन म्हणजे निम्म्यापर्यंत पेन्शन आधीच विकून घेतलेला पैसा, ती पेन्शन पूर्ववत व्हायला 15 वर्षं जातात, म्हणजे बाबा 69 चे होईपर्यंत. डीएसओपी आणि ग्रुप इन्शुरन्सचे पैसे तुझ्या आईच्या म्हातारपणाचे आहेत, ती बोलत नाहीये त्याचं कारण हेच असणार आणि तिचं बरोबर आहे. मी म्हणेन महिन्याच्या पेन्शनमधून जे सहज बाजूला पडतं तेवढ्यावर राजकारण करायचं, जास्त लागतंय तर लोकांकडून वर्गणी मागायची. लोक वर्गणी देत नसतील तर मत तरी कशाला देतील?

तर थांबवू का, याचं उत्तर: थांबवू नकोस. थांबवलंस तर ते घरात ब्रिगेडियर होतील. वळव. पुढची विधानसभा 2029 ला आहे, म्हणजे वेळ आहे आणि हेच त्यांचं खरं भांडवल. मधल्या काळात गावची ग्रामसभा एकही चुकवायची नाही, विकास सोसायटीच्या निवडणुकीत कुणाचं तरी पॅनेल आतून बघायचं, जमलं तर झेडपीचा गट लढवायचा. तिथे एका गटात सावडायला जाणं माणसाच्या आवाक्यात असतं, अख्ख्या मतदारसंघात नसतं. माझा जो एक उमेदवार जिंकला त्याने काय केलं माहितीये, तीन वर्षं रोज सकाळी पोरांना भरतीची तयारी करून घेतली, रनिंग, गोळाफेक, पेपर, फुकट. त्यातली चाळीसेक पोरं लागली. त्याच्या बूथवर संध्याकाळपर्यंत कोण बसलं असेल सांग बघू? त्यांच्याबरोबर एक रिटायर्ड सुभेदार मेजर होते, गावोगाव आधी ते जायचे, बसायचे, तंबाखू मळायचे, मग साहेब. ही जोडी चालते. तुझ्या बाबांनी असा एक सुभेदार मेजर शोधावा, आणि त्याचं ऐकावं, हे जास्त अवघड.

शहरात राहायचा विचार असेल तर विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ हा एक वेगळा रस्ता आहे, पुणे पदवीधरमध्ये पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात आणि दर वेळी मतदार यादी नव्याने होते, जो नोंदणी करतो तो पुढे असतो. नोंदणी म्हणजे फॉर्म गोळा करणं, तारीख, रजिस्टर, पाठपुरावा, हे काम ऑफिसरच्या स्वभावाला बरं जमतं. पण पाच जिल्हे फिरायचे म्हणजे परत पैसा.

हरण्याची तयारीही घरात बोलून ठेवा. मेजर जनरल खंडुरी, 1990 ला फौजेतून बाहेर आले आणि 1991 ला गढवालमधून खासदार, 1996 ला पडले, 1998 ला परत आले, केंद्रात रस्ते खात्याचे मंत्री, उत्तराखंडचे मुख्यमंत्री. 2012 ला भाजपने 'खंडुरी है जरूरी' या घोषणेवर निवडणूक लढवली, पक्षाच्या 31 जागा आल्या, काँग्रेसच्या 32, आणि कोटद्वारला स्वतः खंडुरीच पडले. एका जागेने सरकार गेलं आणि ती एक जागा त्यांची स्वतःची. एवढा मोठा माणूस तिथून घरी कसा गेला असेल, मी कधी कधी विचार करतो.

तू बाबांना हे सगळं वाचून दाखवू नकोस, ऑफिसरला लेक्चर आवडत नाही. दोनच गोष्टी कर. ती बूथची वही आणून दे, आणि जिथे जिथे क्वार्टर घेतलं होतं त्या स्टेशनांची यादी करून एमईएसला ना-देय पत्रांसाठी आत्ताच अर्ज टाकायला लाव. आधी नुसता हिशोब मागवा, कुठे काय बाकी निघतं ते तरी कळेल, फॉर्मच्या वेळी ताजी पत्रं परत घ्यावी लागतीलच. बाकी काही विचारायचं असेल तर वहीत किती नावं झाली ते कळव, मग बोलू.